निरोपाची सलामी

इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या आडवळणाच्या रेल्वे लाइनीवरून आज शेवटची गाडी जाणार होती. रूळ ओलांडताना फाटक राखणाऱ्या एनिडच्या नवऱ्याची, पर्सीची, बीटने भरलेली ट्रॉली रुळावरच कलंडली आणि त्याचा पाय खाली अडकला. "रडतेस काय, वेडे? जन्मभर ही गाडी आपल्या दारात थांबली नाही; आज थांबव!" पर्सी कण्हत हसला. दाट धुक्यात बावटा दिसणार नव्हता. एनिडने वळणापलीकडे धावत जाऊन धोक्याचे फटाके रुळावर बांधले. चाकाखाली तीन बार उडाले की गाडी थांबवायची, हे ड्रायव्हरला झोपेतही ठाऊक. तिन्ही उडाले. पण सकाळपासून दर स्टेशनावर गँगमननी निरोपाची सलामी म्हणून असेच बार उडवले होते. "वा, एनिडवहिनी! तुम्हीसुद्धा?" ड्रायव्हर शिट्टी वाजवत ओरडला. ती किंचाळत गाडीमागे धावली. रुमाल हलवत खिडकीतली बाई हळहळली, "बघा, लाइन बंद होतेय म्हणून बिचारी कशी रडतेय!"