हरेल त्याची जलेबी

प्रथमेशला एक वाईट खोड होती. घरातली जितीजागती माणसं सोडून तो सगळं मशीनला विचारायचा. वरणात मीठ कमी आहे का, हेसुद्धा एक दिवस फोनलाच विचारेल, असं आजी म्हणायची.

आजी म्हणजे सरोजिनीबाई, जबलपूरच्या मराठी महिला मंडळाच्या एकोणीस वर्षांपासूनच्या अध्यक्ष. शाळा चौथीत सुटली होती, पण त्यांच्यासमोर तोंड उघडायची एम.ए. झालेल्या बायकांचीही टाप नव्हती.

यंदा मात्र निवडणूक लागली. समोर अश्लेषा उभी राहिली. दोन वर्षांमागे पुण्याहून आलेली, कॉलेजात शिकवणारी. तिचं म्हणणं, गणपतीची पंगत बंद करा, केटरर बोलवा, ताट हातात घेऊन जेवा.

"उभ्यानं घोडे खातात," आजी म्हणाली. अध्यक्षपद गेलं असतं तरी तिनं सोसलं असतं, पण पंगत मोडू द्यायला ती तयार नव्हती.

नेमका त्याच महिन्यात प्रथमेशच्या डोक्यात अंदाजांचा बाजार शिरला होता. कोण जिंकेल यावर लोक सौदे करतात, आणि ज्याच्यावर जास्त सौदे पडतात त्याचा भाव चढतो. कोणी, कधी, कितीला घेतलं, ही सारी माहिती एआय एजंटला आपणहून काढून आणता यावी, असं टूल तो कंपनीसाठी बनवून राहिला होता. आजमावून पाहायला त्यानं मंडळाचीच निवडणूक धरली.

पैशाचं नाव नाही. दर सभासदाला हिशेबापुरत्या हजार जलेब्या. नावं टोपण, कोण कोणतं, ते खुद्द प्रथमेशलाही दिसू नये अशी सोय. नियम एकच: जो सगळ्यांत जास्त हरेल, त्यानं अख्ख्या मंडळाला खरी, खोव्याची जलेबी खाऊ घालायची.

"फोनवर नुसतं बोलायचं, आजी. अनपढ माणूसही करू शकेल, इतकं सोपं आहे."

आजी मेथी निवडून राहिली होती. "अच्छा. आणि तुझा भाव बायका मानतील?"

"मानतीलच ना! नंबर झूठ नहीं बोलते, आजी."

"मग ठीक," म्हणून आजीनं पुढची जुडी सोडली.

रोज सकाळी सातला एजंट सौद्यांची माहिती काढायचा आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकायचा. पहिल्या आठवड्यात आजीचा भाव शंभरात साठ होता. मग 'धुआंधार' नावाचं एक खातं उगवलं. बाकीच्या बायका दहा-वीस जलेब्यांचे सौदे करत. हे खातं रोज शंभर जलेब्या अश्लेषावर लावायचं. ते पाहून इतरही तिकडे वळल्या. आजी साठावरून चाळीसवर आली, चाळीसवरून बावीसवर.

प्रथमेशचं रक्त उकळलं. त्यानं एजंटला विचारलं, हे खातं चालतं कसं? एजंटनं सांगितलं: सौदे रोज दुपारी दोन ते तीनच्या मध्ये, आणि मागच्या आठवड्यात दोन दिवस एकही सौदा नाही.

दुपारी दोनला त्याची आई, विभावरी, ओटा आवरून फोन घेऊन बसायची. आणि ते दोन दिवस आई नि आजी बारशाला सिहोऱ्यापुढच्या एका खेड्यात गेल्या होत्या, जिथं फोनला रेंज मिळत नाही. शिवाय अश्लेषाकाकूशी आईचं चांगलंच जमायचं. आणखी काय पाहिजे?

"आई, तू अश्लेषाकाकूच्या बाजूनं घेऊन राहिलीस का?"

"काय घेऊन राहिले? भेंडी?" विभावरीनं लाटणं खाली ठेवलं. बात समजल्यावर तिचे डोळेच भरून आले. चार दिवस ती लेकाशी बोलली नाही.

"काहून रडवलं माझ्या सुनेला?" आजी कडाडली. "तिला माझ्याविरुद्ध जायचं असतं ना, तर समोर येऊन गेली असती."

"डेटा तर तेच सांगून राहिला, आजी."

"तुझ्या डेटाला मेथी निवडता येते का?"

मतदानाच्या रविवारी अश्लेषाचा भाव चौऱ्याऐंशी होता. निकाल तर लागलेलाच आहे म्हणून तिच्या वीस-पंचवीस बायका मत न टाकताच सकाळी गाडी करून बरगी धरणावर पिकनिकला गेल्या. इकडे आजीच्या बायकांचे धाबे दणाणले होते. घमापुरातल्या म्हाताऱ्या चार ऑटो भरून आल्या. प्लास्टर घातलेल्या मीराताई दोघींच्या खांद्यांवर हात टाकून पायऱ्या चढल्या.

आजी अठ्ठावन्न, अश्लेषा एकेचाळीस.

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. अश्लेषा भली बाई. तिनं वाकून नमस्कार केला. आजीनं तिला उठवलं आणि म्हणाली, "पंगतीत पहिलं वाढप तुझं."

एजंटनं शेवटचा हिशेब टाकला: धुआंधारच्या सगळ्या जलेब्या बुडाल्या. ग्रुपवर एकच गलका झाला, कोण हा धुआंधार? खरी जलेबी कोण देणार? प्रथमेशनं भिडून एजंटला पुन्हा विचारलं, फिरवून विचारलं. उत्तर तेच: दुपारी दोन ते तीन.

तेवढ्यात दारात ऑटो थांबला. ड्रायव्हरनं जलेबीचे सात मोठे डबे आत आणून आजीपुढे मांडले.

"वा, आजी! जीत की मिठाई!" प्रथमेश म्हणाला.

आजीनं सगळ्यांत मोठी जलेबी उचलून त्याच्या तोंडात कोंबली, बोलायला जागाच ठेवली नाही.

"जिंकल्याची नाही रे, बाबू. हरल्याची आहे," ती म्हणाली. "आईवर शक घेतलास, मशीनला शंभरदा विचारलंस. मी समोरच बसून मेथी निवडून राहिले होते. एकदा मला विचारलं असतंस, तर सांगून टाकलं असतं."