ढब्बूमार्फत

"काल याला खायला कुणी घातलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

स्टीलच्या टेबलावर ढब्बू आडवा पडला होता. पुढच्या पायाला सलाईन, शेपटीखाली रक्ताने भिजलेला कापूस. टेबलाच्या एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला बायको. दोघंही डॉक्टरीणबाईंकडे बघत होते, एकमेकांकडे नाही.

"मी नाही घातलं," नवरा म्हणाला. "चोवीस तास पोटात काही जाऊ द्यायचं नाही, असं तुम्ही काल सकाळीच बजावलं होतं."

बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. ती कुत्र्याच्या कानाशी वाकली. "ढब्बू, हे मला कुणी सांगितलंच नाही रे."

डॉक्टरीणबाई चक्रावल्या. त्यांना काय ठाऊक, की या नवराबायकोचा सव्वादोन वर्षं अबोला होता. एका घरात दोघांचा स्वयंपाक वेगळा, टॉवेल वाळत घालायची दोरीसुद्धा वेगळी. अडलंनडलं तर ढब्बू होताच. "ढब्बू, बाबांना सांग, गॅस संपलाय." "ढब्बू, आईला सांग, मला उशीर होईल." मूलबाळ नव्हतं, तेव्हा आई-बाबा ही नावंही ढब्बूमुळेच मिळालेली. ज्याचं नाव निघेल त्याच्याकडे तो शेपटी हलवत बघायचा आणि घर चालायचं. वर दोघंही त्याला आपापल्या ताटातलं घालायचे. दुहेरी जेवून तो असा काही सुटला, की मूळचं नाव मागे पडून ढब्बूच झाला.

काल सकाळी उलट्या आणि जुलाब सुरू झाले तेव्हा नवऱ्याने त्याला इथे आणलं. पोटाला आणि आतड्यांना सूज आहे, पण घाबरू नका, पोटाला विश्रांती मिळाली की उतरेल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. घरी पोचल्यावर इंजेक्शनच्या गुंगीत ढब्बू पलंगाखाली गेला आणि घोरायला लागला.

नवरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. बायको ओट्याशी पाठमोरी होती. निरोप द्यायचा होता, पण द्यायचा कुणाकडे? त्याने दोनदा घसा खाकरला. डॉक्टर काय म्हणाले, हे तिलाही विचारायचं होतं. पण तीही ढब्बू उठायची वाट बघत भांडी घासत राहिली. शेवटी घड्याळ बघून तो कामावर निघून गेला. चिठ्ठी लिहिता आली असती, फोन करता आला असता. पण आधी तोंड उघडेल तो हरला, असा न ठरवता ठरलेला नियम होता आणि तो दोघांनी जिवापाड सांभाळला होता.

दुपारी ढब्बू उठून रिकामं भांडं चाटायला लागला. तिला भडभडून आलं. आजारी जीव, सकाळपासून उपाशी, आणि या माणसाला त्याचं काही नाही. तिने वाडगाभर दुधात पाव कुस्करून दिला. त्याने तो ओकून टाकला तेव्हा पोट पुन्हा रिकामं झालं म्हणून तिने आणखी दिला, वर तिच्या ताटातलं मटणही. इतक्या मायेने तिने बऱ्याच दिवसांत कुणाला भरवलं नव्हतं.

"आता माझ्या हातात काही नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रक्त थांबत नव्हतं, अंग गार पडत चाललं होतं. एक इंजेक्शन होतं, त्याने तो झोपेतच गेला असता. नाहीतर संध्याकाळपर्यंत असाच कण्हत राहणार. "दोघांनी बोलून ठरवा. मी पाच मिनिटांनी येते." जाताना त्यांनी दार ओढून घेतलं.

बोलून ठरवा. सांगणाऱ्याला किती सोपं वाटतं.

नवरा सलाईनच्या थेंबांकडे बघत राहिला. बायकोने पदराने ढब्बूच्या तोंडाचा फेस पुसला. चूक कुणाची, हे दोघांनाही कळत होतं आणि दोघांनाही ते सोसवत नव्हतं. एकदा तिने मान वर केली. त्याच वेळी त्यानेही केली. मग दोघांनी पुन्हा खाली पाहिलं. बाहेरच्या बाकावर कुणाचं तरी मांजर पिंजऱ्यात ओरडत होतं. पाचातली तीन मिनिटं तशीच गेली.

शेवटी नवरा टेबलावर वाकला. त्याचा आवाज फाटला होता.

"ढब्बू," तो म्हणाला, "आईला विचार, तुला जाऊ द्यायचं का."

आई म्हटल्यावर ढब्बूने डोळे उघडले. मान काही उचलता येईना. त्याची शेपटी टेबलावर एकदा आपटली आणि नजर बायकोकडे गेली.

तिने तोंडावर पदर दाबून धरला. खांदे हलत होते. मग ती त्याच्या कानाशी आली.

"बाबांना सांग," ती म्हणाली, "हो म्हणावं."

ढब्बूने मोठ्या कष्टाने डोळे नवऱ्याकडे फिरवले.