अपेक्षित कळ

डॉक्टरांनी हर्षालीच्या गुडघ्यातल्या, कळ मेंदूपर्यंत पोचवणाऱ्या चिपची नोंद उघडली.

"रोज सकाळी स्वतःची चाचणी घ्यायला चिप खोटी कळ उठवते. ती अपेक्षित, म्हणून मेंदूला कळवत नाही. इथं मात्र महिनाभर खऱ्या कळाही अपेक्षित ठरवून दाबल्यात. सांधा कामातून गेलाय. आता धावणं विसर."

चिपमध्ये असा बदल फक्त प्रशिक्षकाला करता यायचा. हर्षालीने शेजारी उभ्या सुळेबाईंकडे पाहिलं.

"खो-खोची फायनल तोंडावर होती," बाई म्हणाल्या. "दुखलं असतं तर धावली असतीस?"

याच बाई रोज संध्याकाळी त्या गुडघ्याला तेल चोळत विचारायच्या, "दुखतंय का गं?" ती नाही म्हणाली की पाठ थोपटायच्या.

"कळ सुरू करू?" डॉक्टरांनी विचारलं.

"करा."

कळ मांडीपर्यंत चढली. सवयीने बाईंचा हात पुढे आला. हर्षालीने दोन्ही हातांनी पाय उचलून बाजूला घेतला.