फोटोतला चेहरा

अमरावतीत मानसशास्त्र शिकवणाऱ्या स्वानंदनं तिवस्याजवळच्या एका गावातल्या चाळीस लोकांना चोरीचा एक खोटा व्हिडिओ दाखवला. मग सहा फोटो पुढं ठेवून त्यातला चोर ओळखायला सांगितलं. चोर त्यांच्यात नव्हताच, तरी एकतीस जणांनी एकाच फोटोवर बोट ठेवलं. स्वानंदनं सहज घातलेला तो फोटो त्याच्या धाकट्या भावाचा, नितेशचा होता.

"यांच्यात चोर नव्हताच," शेवटी त्यानं सर्वांना सांगितलं.

"पण मले तं तोच वाटला, सर," म्हातारे नत्थुजी म्हणाले, आणि सगळे हसले.

चार महिन्यांनी त्या गावात खरंच दरोडा पडला. नत्थुजींची सून त्यात जिवानिशी गेली. पुढच्याच आठवड्यात बियाण्यांच्या कामानं तिथं गेलेल्या नितेशला लोकांनी दरोडेखोर म्हणून ओळखून बसथांब्यावर धरलं आणि पोलिसांच्या हवाली केलं.

स्वानंद धावतच ठाण्यात पोचला. "लोकांना चेहरा आठवतो साहेब, पण तो कुठं पाहिला ते विसरतात," तो कळवळून सांगत राहिला.

फौजदारांनी सगळं ऐकून घेतलं आणि गावकऱ्यांच्या जबाबांचा गठ्ठा त्याच्यापुढं सरकवला.


"एखादा माणूस चुकीन, सर. एकेकट्याले इचारलं, तरी बावीस जण सारखेच चुकतीन काय?"