सतरा सप्टेंबरचा हार

सांडूबाबांनी दीपमालाचा हात धरला होता आणि तो सोडायचं काही नाव नव्हतं. प्रेरणा हातातलं काम टाकून लेकीजवळ आली.

"अजून एकदा म्हण, बाय," ते म्हणाले.

अकराला शाळेत तिचं मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं भाषण होतं. दीपमालानं भिंतीवरच्या फोटोकडं बोट केलं. "रझाकारांनी सगळ्या गावाला पारावर उभं केलं. विचारलं, बन्सी कोण? तेव्हा माझे पणजोबा पुढे झाले. म्हणाले, मीच बन्सी! आणि छातीवर गोळी झेलली."

म्हाताऱ्याची पकड आणखी घट्ट झाली. पोर रडवेली झाली.

ऐंशीच्या घरातला हा माणूस सासऱ्यांचा कोण, हे प्रेरणाला लग्नाला सात वर्षं होऊनही उमगलं नव्हतं. "गावाकडचा," एवढंच सासरे सांगायचे. दर सतरा सप्टेंबरला तो सिल्लोडहून पहिल्या एसटीनं यायचा, पिशवीभर मक्याची कणसं टेकवायचा आणि तळव्यानं फोटोची काच पुसत राहायचा. नैवेद्याचं ताटही त्याच्याच पुढ्यात. गेल्या वर्षी सासऱ्यांच्या सत्तरीला मात्र बोलावूनही फिरकला नाही.

सासरे, सोमनाथराव, हार आणायला गुलमंडीला गेले होते. घरात या दोघीच. प्रेरणानं लेकीला जवळ ओढलं.

"सांडूबाबा, लई लांबून येता. वय झालं आता. पुढच्या वर्षीपासून नका त्रास घेऊ. लेकरू घाबरतं."

ते उठले, पायानं चपला चाचपल्या.

"व्हय बाई. खरंय तुझं." दारातून मागं वळले. "काच तेवढी पुसत जा. ओलं फडकं नको, आत पाणी जातंय."

अर्ध्या तासानं सोमनाथराव आले. "सांडू कुठंय?"

"गेले." प्रेरणानं नजर चुकवली. "मीच सांगितलं, मामा. पुढच्या वर्षी येऊ नका म्हणून. पोरीचा हातच सोडीनात."

हार पुडक्यातच राहिला. "मग आता ह्यो कोण घालील?"

"तुम्ही घाला की. तुमचेच तर वडील."

सोमनाथराव खुर्चीवर टेकले.

"माझा बाप बन्सी, पोरी. तो त्या दिवशी कडब्याच्या गंजीत लपला होता. पंच्याऐंशी साली खाटेवर वारला." त्यांनी फोटोकडं पाहिलं. "ह्यो कचरू. सांडूचा बाप. सांडूकडं त्याचा दुसरा फोटो नाय."