हिरव्या चौकटी

"कुमूकडचं नेट कमी पडतंय. सगळ्यांनी व्हिडिओ बंद करा," असं दादाने चॅटमध्ये लिहिलं आणि भावंडांचे चेहरे एकेक करून पडद्यावरून गेले. कुमू म्हणजे मी. मीही माझा व्हिडिओ मुकाट्याने बंद केला.

मला जन्मापासून ऐकू येत नाही. मी हातांनी बोलते. घरात ही भाषा सगळ्यांत आधी दादा शिकला होता, माझ्यासाठी. आज आईला वृद्धाश्रमात ठेवायचं का, ते ठरणार होतं. तिला माझ्याजवळच राहू द्या, हे सांगायला मी सकाळपासून आरशासमोर हात चालवून पाहिले होते.

आता पडद्यावर नुसती नावं होती. जो बोलेल त्याच्या नावाभोवती हिरवी चौकट उमटायची. दादा, ताई, पुन्हा दादा. न राहवून मी व्हिडिओ सुरू केला, तर दादाने तो तिकडून बंद केला. मी चॅटमध्ये 'थांबा' लिहिलं. हिरव्या चौकटी थांबल्या नाहीत. शेजारी वाती वळत ऐकणाऱ्या आईचे हात तेवढे थांबले.

मग दादाचा मेसेज आला. "एक तारखेला आईला न्यायचं. सगळ्यांना मान्य आहे. तूही काही बोलली नाहीस."

मी राउटरकडे पाहिलं. दोनच आठवड्यांपूर्वी दादाने तो स्वतः बसवला होता आणि हातांनी मला म्हणाला होता, "आता दहा जण एकदम दिसले तरी अडायचं नाही. तू मनसोक्त बोल."