सतरावी नळी

निरोगी माणसांच्या रक्ताच्या सतरा नळ्या होत्या. रक्त द्यायला माणसं काही केल्या मिळेनात, म्हणून प्रयोगशाळेतल्या सगळ्यांनी आपापल्या घरच्यांना गळ घातली होती. नळ्यांवर फक्त आकडे. नावांची यादी बंद पाकिटात.

'आता वाढू नका' असा निरोप मिळाला की निरोगी पेशी थांबतात, आजारी पेशी ऐकत नाहीत. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंचा सगळा अभ्यास या एका निरोपाचा. सोळा नळ्यांतल्या पेशी शहाण्यासारख्या थांबल्या. सतरावीतल्या थांबेनात. तीनदा करून पाहिलं, तिन्हीदा तेच.

"पाकीट उघडून बघू या का, कोणाची आहे?" हाताखालच्या संशोधकाने विचारलं.

"नियम म्हणजे नियम. नमुना खराब झाला असेल. एका नळीपायी सगळ्या आलेखाचा विचका नको," म्हणत बाईंनी वहीतल्या सतराच्या आकड्यावर काट मारली. शोधनिबंध छापून आला. आलेख किती स्वच्छ आलाय, म्हणून कौतुकही झालं.

दोन वर्षांनी बाई नवऱ्याबरोबर डॉक्टरांसमोर बसल्या होत्या. त्याच्या रक्तातल्या पेशी थांबायचं विसरल्या होत्या. आजार बराच पुढे गेला होता.

"याआधी कधी रक्त तपासलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मुद्दाम असं नाही. पण हिच्या प्रयोगाला दिलं होतं की, निरोगी म्हणून," नवरा म्हणाला आणि बाईंकडे वळला. "तेव्हा काही निघालं नव्हतं, हो ना गं?"